चाळिशीत पुन्हा शिकायचे, तर खर्च किती?

कुणाची दहावी राहून गेलेली असते. कुणाच्या हातात पंचवीस वर्षांची कला असते, पण ती दाखवणारा कागद नसतो. कुणाच्या कारखान्यात नवे यंत्र येते आणि जुने काम संपते. अशा माणसाला पुन्हा शिकावेसे वाटले की तो आधी एकच विचारतो, ‘किती लागतील?’ याला सरळ उत्तर क्वचित मिळते. योजनेच्या फलकावर ‘मोफत’ लिहिलेले असते, नाक्यावरचा क्लासवाला भलताच आकडा सांगतो आणि ऑनलाइन जाहिरात हप्त्यांची सोय करून देते. मधल्या मध्ये गोंधळून माणूस घरी परततो आणि शिकायचे पुन्हा राहून जाते.

म्हणून हा खर्चाचा हिशेब. यातले शुल्काचे आकडे अलीकडच्या माहितीपत्रकांवरून घेतले आहेत. शुल्क वर्षा-दोन वर्षांनी बदलते, त्यामुळे अर्ज भरण्याच्या दिवशी त्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरचा आकडा पाहूनच पैसे भरा. सगळा हिशेब मांडल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसते. सरकारी आणि मुक्त शिक्षणाच्या वाटांवर शुल्क हा लहान खर्च आहे. खिशाला चाट बसते ती कामावरच्या खाड्यांनी, प्रवासाने, कागदपत्रांच्या हेलपाट्यांनी आणि दलालांनी. हे चार खर्च आधी ओळखले तर चाळिशीतच काय, साठीतही शिकणे परवडते.

धोरण काय सांगते

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधले एकविसावे प्रकरण प्रौढ शिक्षण आणि आजीवन शिक्षणावर आहे. शाळा सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशी शाळांच्या इमारती प्रौढांसाठी वापराव्यात, ग्रंथालये त्यांच्यासाठी खुली असावीत, स्वयंसेवकांनी शिकवावे, असा त्याचा आराखडा आहे. त्याच धोरणातून २०२२ ते २०२७ या काळासाठी ‘नवभारत साक्षरता कार्यक्रम’ आला. लोक तो ‘उल्लास’ या नावाने ओळखतात. त्यासाठी १,०३७.९० कोटी रुपयांची तरतूद झाली आणि पाच वर्षांत पाच कोटी लोकांपर्यंत पोहोचायचे ठरले. भागाकार केला तर एका शिकणाऱ्यामागे पाच वर्षांत मिळून सुमारे २०८ रुपये येतात. हा आकडा लक्षात ठेवा. सरकार शिकणाऱ्याकडून पैसे घेत नाही हे खरे, पण त्याच्यावर फारसे खर्चही करत नाही. उरलेला भार स्वयंसेवकांवर आणि शिकणाऱ्याच्या घरावर पडतो.

कौशल्य प्रशिक्षणाचे खाते वेगळे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘स्किल इंडिया’ कार्यक्रमाला २०२६ पर्यंत मुदतवाढ दिली आणि ८,८०० कोटी रुपये मंजूर केले. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना, शिकाऊ उमेदवारी योजना आणि जन शिक्षण संस्था या तिन्ही त्यात एकत्र आल्या. धोरणाचे एवढे ज्ञान पुरे. आता एकेक वाट पाहू.

अक्षरओळख: शुल्क शून्य

घरात आई, सासू, मावशी किंवा कामाला येणाऱ्या ताई वाचू-लिहू शकत नसतील, तर ‘उल्लास’मध्ये त्यांची नोंदणी करता येते. वय १५ पूर्ण हवे, वरची मर्यादा नाही. जवळच्या जिल्हा परिषद किंवा महापालिका शाळेत मुख्याध्यापकांना भेटा. उल्लास अॅपवरूनही नोंद होते. शिकवणारा स्वयंसेवक असतो: शेजारची कॉलेजची मुलगी, निवृत्त शिक्षक किंवा घरातलीच नात. त्याला मानधन नाही आणि शिकणाऱ्याला शुल्क नाही.

शेवटी पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान चाचणी होते. ती १५० गुणांची असते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण. उत्तीर्ण होणाऱ्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र मिळते. गोवा राज्याने ३० मे २०२५ रोजी, घटकराज्य दिनी, पूर्ण साक्षर राज्य झाल्याची घोषणा केली, ती याच कार्यक्रमाच्या आधारे.

खर्च म्हणाल तर एक वही, एक पेन आणि लागलाच तर चष्मा. हा चष्मा हसण्यावारी नेऊ नका. पन्नाशीच्या पुढच्या कित्येक बायका ‘मला अक्षर लागत नाही’ म्हणतात, तेव्हा त्यांना जवळचे दिसत नसते. वर्ग सुरू होण्याआधी सरकारी रुग्णालयात किंवा नेत्रतपासणी शिबिरात डोळे तपासून घ्या. तेवढ्याने शिकण्याचा निम्मा त्रास वाचतो.

दहावी-बारावी: तीन दारे

*पहिले दार, फॉर्म नंबर १७.* ही राज्य मंडळाची बाहेरून परीक्षा देण्याची सोय आहे. दहावीसाठी किमान पाचवी उत्तीर्ण असल्याचा शाळेचा दाखला लागतो आणि बारावीसाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते. अर्ज ऑनलाइन भरून घराजवळची शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय संपर्क केंद्र म्हणून निवडायचे. गेल्या काही वर्षांत दहावीच्या नावनोंदणीला १,००० रुपये आणि १०० रुपये प्रक्रिया शुल्क घेतले जात आहे. परीक्षेचे शुल्क नंतर वेगळे भरावे लागते. अर्ज साधारण पावसाळ्यात सुटतात आणि मुदत उलटली की विलंब शुल्क चढत जाते. परीक्षा नियमित मुलांचीच, अभ्यासक्रमही तोच. ज्यांना गणित-विज्ञानाचा फार धाक नाही आणि एका वर्षात सगळे विषय देण्याइतका वेळ काढता येतो, त्यांनी हे दार धरावे.

*दुसरे दार, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था.* लोक तिला ‘एनआयओएस’ म्हणतात. १९८९ मध्ये स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था आहे आणि पुण्यात तिचे विभागीय केंद्र आहे. दहावीसाठी वय १४ आणि बारावीसाठी १५ पूर्ण हवे, वरची मर्यादा नाही. पाच विषयांच्या दहावीला पुरुषांसाठी १,८००, महिलांसाठी १,४५० आणि अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांसाठी १,२०० रुपये असे प्रवेश शुल्क अलीकडे आकारले जात होते. बारावीला ते अनुक्रमे २,०००, १,७५० आणि १,३०० होते. परीक्षा शुल्क विषयामागे सुमारे ३०० रुपये, आणि प्रात्यक्षिक असलेल्या विषयाला थोडे जास्त. अभ्याससाहित्य प्रवेश शुल्कातच येते. दहावीचे माध्यम मराठी घेता येते.

नोकरदार आणि घर सांभाळणाऱ्यांना हे दार अधिक सोयीचे. एकदा प्रवेश घेतला की पाच वर्षे मुदत आणि परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत. यंदा दोन दिले, पुढच्या हंगामात दोन आणि नंतर एक, असेही चालते. पूर्वी मंडळाच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या विषयांपैकी दोन विषयांचे गुण नियमांनुसार इकडे आणता येतात. मुख्य म्हणजे गणित सक्तीचे नाही. पण इथे घाई करू नका. पुढे आयटीआयचा तांत्रिक ट्रेड किंवा पदविका करायची असेल तर गणित आणि विज्ञान घ्यावेच लागेल. आधी पुढची पायरी ठरवा, मग विषय निवडा.

*तिसरे दार, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ.* ज्यांची प्राथमिक शाळाच अर्धवट सुटली, त्यांना इथे पाचवी आणि आठवीची परीक्षा देऊन वर चढता येते. बस वाहक, शिपाई, सुरक्षारक्षक अशा कामांत कुठे आठवी तर कुठे दहावी विचारतात. तुमच्या जागेला नेमके काय लागते ते जाहिरातीत वाचा. आठवीने भागत असेल तर दहावीच्या चिंतेने थांबून राहू नका.

एका दहावीचा पूर्ण हिशेब

समजा, तालुक्याच्या गावी रोजंदारीवर काम करणारी ३८ वर्षांची बाई राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून (एनआयओएस) पाच विषय घेऊन दहावी करते. तिचा खर्च असा येईल:

- प्रवेश शुल्क: १,४५० रुपये
- परीक्षा शुल्क, पाच विषय: सुमारे १,५०० रुपये
- झेरॉक्स, फोटो, ऑनलाइन अर्ज भरून घेणे: ३०० रुपये
- संपर्क वर्गाला जाण्या-येण्याच्या पंचवीस खेपा, एसटीच्या अर्ध्या तिकिटात फेरीचे ४० रुपये धरून: १,००० रुपये
- परीक्षेचे पाच आणि कागदपत्रांचे तीन असे आठ दिवस खाडा: रोजगार हमीच्या २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने २,४९६ रुपये

बेरीज ६,७४६ रुपये. यात शुल्क २,९५० रुपयांचे आहे आणि बाकीचे ३,७९६ रुपये शुल्काबाहेरचे. म्हणजे अर्ध्याहून जास्त खर्च असा आहे की तो कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो. त्यातही सर्वांत मोठी रक्कम बुडालेल्या मजुरीची आहे.

हा हिशेब कमी कसा करायचा? एसटीत १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे, तर ७५ च्या पुढे प्रवास मोफत आहे. सवलत धरूनच केंद्र निवडा. अर्धा तास लांबचे पण थेट एसटी जाणारे केंद्र रिक्षाने जाव्या लागणाऱ्या जवळच्या केंद्रापेक्षा स्वस्त पडते. सगळे खाडे एकदम पडू नयेत म्हणून पाचही विषय एका हंगामात न देता दोन-तीन हंगामांत वाटा. मालकाला वेळापत्रक महिनाभर आधी दाखवा. पाच दिवसांची सुट्टी सलग मागितली की नकार मिळतो. दोन-दोन दिवस मागितले तर बहुतेक ठिकाणी जमते. मुंबईत राहणाऱ्यांनी रात्रशाळेची चौकशी अवश्य करावी. दिवसभर काम करून शिकणाऱ्यांसाठीच त्या चालवल्या जातात आणि तिथे वर्गांसाठी खाडा करावा लागत नाही.

कागदपत्रे: हेलपाटे वाचवा

प्रौढांचे अर्ज अडतात ते मुख्यतः दोन कागदांवर. पहिला शाळा सोडल्याचा दाखला. तो हरवला असेल तर ज्या शाळेत शेवटचे शिकलात तिथे लेखी अर्ज करून दुय्यम प्रत मागा. शाळा बंद झाली असेल तर तिचे जुने रजिस्टर कुठे ठेवले आहे ते गटशिक्षणाधिकारी कार्यालयात कळते. गावाकडच्या शाळेत जाताना आपले पूर्ण नाव, वडिलांचे नाव, जन्मसाल आणि शाळा सोडल्याचे अंदाजे वर्ष एका चिठ्ठीवर लिहून न्या. जनरल रजिस्टर वर्षवार असते. वर्ष सांगता आले तर दहा मिनिटांत नोंद सापडते, नाही तर ‘पुढच्या आठवड्यात या’ ठरलेले.

दुसरी अडचण बायकांची. दाखल्यावर माहेरचे नाव आणि आधार कार्डावर सासरचे. अर्ज भरताना एक नियम पाळा: शिक्षणाच्या कागदावर शाळेच्या दाखल्यातलेच नाव चालू ठेवा आणि सोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा. नाव बदलायचेच असेल तर राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते. तिचे सरकारी शुल्क काही शे रुपयांत भागते, पण मध्यस्थ हजारांत घेतात. अर्ज ऑनलाइन होतो, स्वतः भरा. वडिलांच्या नावातली एक वेलांटी चुकली तरी पुढे प्रमाणपत्रावर तीच चूक छापून येते आणि दुरुस्तीला पुन्हा खर्च लागतो. ‘सबमिट’ करण्याआधी घरातल्या दुसऱ्या माणसाकडून एकदा वाचून घ्या.

उत्पन्नाचा, जातीचा किंवा रहिवासाचा दाखला काढताना पाचशेच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र मागितले जात असेल तर थांबा. या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे. ‘आपले सरकार’ सेवा केंद्रात प्रत्येक दाखल्याचे शुल्क ठरलेले असते आणि त्याची पावती मिळते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार दाखला ठरलेल्या दिवसांत देणे बंधनकारक आहे. मुदत उलटली तर अपील करता येते, त्यासाठी पावती जपून ठेवा.

हाताला कौशल्य: कुठे फुकट, कुठे फी

*जन शिक्षण संस्था.* १९६७ मध्ये मुंबईत गिरणी आणि कारखान्यांतल्या कामगारांसाठी पहिले श्रमिक विद्यापीठ निघाले. त्याचेच पुढे जन शिक्षण संस्था असे नाव झाले. निरक्षर, नवसाक्षर, कमी शिकलेले आणि बारावीपर्यंत शाळा सुटलेले अशा १५ ते ४५ वयाच्या लोकांसाठी शिवणकाम, ब्युटी पार्लर, वीजकाम, अन्नप्रक्रिया असे लहान अभ्यासक्रम इथे चालतात. वर्ग वस्तीजवळ भरतात म्हणून प्रवास वाचतो आणि लाभार्थ्यांत बहुसंख्य महिला आहेत. प्राधान्य गटांना शुल्क नाही, इतरांनाही नाममात्र.

*ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी.* जिल्ह्याची अग्रणी बँक ती चालवते. शेळीपालन, दुग्धव्यवसाय, मोबाइल दुरुस्ती, पापड-मसाले असे दहा ते पंचेचाळीस दिवसांचे अभ्यासक्रम असतात. प्रशिक्षण, जेवण आणि राहणे मोफत. नंतर दोन वर्षे पाठपुरावा करून कर्ज मिळवण्यास मदत करणे हे संस्थेचे काम आहे, ते हक्काने मागा. खर्च एकच, घरापासून दूर राहिलेल्या दिवसांची बुडालेली कमाई. सुगीचे दिवस टाळून तुकडी निवडा.

*प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना.* १५ जुलै २०१५ ला सुरू झालेली ही योजना. प्रशिक्षण, परीक्षा आणि प्रमाणपत्र पूर्ण मोफत. नोंदणी, गणवेश, बॅग अशा कोणत्याही नावाने केंद्राने पैसे मागितले तर ते नियमबाह्य समजा. चाळिशीपुढच्यांसाठी या योजनेतला उपयोगी भाग म्हणजे पूर्वज्ञानाला मान्यता. वीस वर्षे गवंडीकाम, प्लंबिंग किंवा वायरिंग करणाऱ्याला पुन्हा सहा महिने वर्गात बसायला नको. थोडे मार्गदर्शन, मग परीक्षा आणि हातात प्रमाणपत्र. परदेशी किंवा मोठ्या कंत्राटदाराकडे काम मागताना हा कागद उपयोगी पडतो. एक काळजी मात्र घ्या. महालेखापरीक्षकांच्या तपासणीत या योजनेच्या बहुतांश नोंदींमध्ये बँक खात्याचे रकाने कोरे किंवा निरर्थक आकड्यांनी भरलेले आढळले. म्हणून नोंदणीच्या वेळी पासबुकाची प्रत स्वतः द्या आणि ऑनलाइन पोर्टलवर आपल्या नावासमोर खाते क्रमांक बरोबर चढला का ते डोळ्यांनी पाहा.

*पीएम विश्वकर्मा.* सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चांभार, गवंडी, शिंपी, न्हावी, परीट अशा अठरा व्यवसायांसाठी १७ सप्टेंबर २०२३ ला ही योजना सुरू झाली. शिकणाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीचा विचार करणारी ही मोजक्या योजनांपैकी एक आहे. पाच ते सात दिवसांच्या मूलभूत प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन मिळते आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांचे ई-व्हाउचर. पुढे पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज. एक लाखाचे कर्ज अठरा महिन्यांत फेडले तर व्याज साधारण चार हजार होते. तेच कर्ज बारा टक्क्यांनी घेतले असते तर साडेनऊ हजारांच्या पुढे गेले असते. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो आणि वय १८ पूर्ण हवे. योजनेचे ३० लाखांचे उद्दिष्ट नोंदणीने पहिल्या दोनच वर्षांत गाठले, त्यामुळे सीएससी केंद्रावर जाण्याआधी नवी नोंदणी चालू आहे का ते विचारा. नोंदणीला शुल्क नाही.

*आयटीआय आणि राज्याची केंद्रे.* आयटीआयच्या प्रवेशाला वयाची वरची अट नाही. किमान १४ हवे, बस. पण दिवसभराचे एक-दोन वर्षांचे वर्ग कमावत्या माणसाला झेपत नाहीत. त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यातल्या ४०० शासकीय आयटीआय आणि १५० तंत्र विद्यालयांत मुख्यमंत्री अल्पमुदत रोजगारक्षम प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला आहे. इथे काही शुल्क लागते. ते अभ्यासक्रमाप्रमाणे बदलते, म्हणून संस्थेत जाऊन लेखी विचारा. याखेरीज ग्रामीण भागात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रे ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तालुक्याच्या ठिकाणी नाव विचारलेत तर पत्ता मिळेल.

*वय ३५ च्या आत असेल तर* मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पाहा. तिथे शिकताना पैसे मिळतात: बारावी उत्तीर्णांना महिना ६,०००, आयटीआय-पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये. पण ते तात्पुरते प्रशिक्षण आहे, त्यातून कायम नोकरीचा हक्क तयार होत नाही. हातातले पक्के काम सोडून तिकडे जाऊ नका.

पदवी आणि ऑनलाइन अभ्यासक्रम

नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांना मराठीतून शिकवत आहे. कला-वाणिज्य पदवीचे वर्षाचे शुल्क चार आकडी राहते आणि पुस्तके त्यातच येतात. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही तसेच. प्रवेशाआधी दोन गोष्टी तपासा. तो अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण मान्यता यादीत यंदा आहे का? आणि दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी लागणारा तुमचा ‘डेब’ क्रमांक निघाला का? हा क्रमांक मोफत मिळतो, त्याच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र, विधी यांची पदवी दूरशिक्षणाने देता येत नाही. ‘घरबसल्या बी.ई.’ किंवा ‘घरबसल्या नर्सिंग’ असे कुणी म्हणाले की तिथून निघा.

संगणकाचा एमएस-सीआयटी २००१ पासून महाराष्ट्रात रुळलेला आहे. त्याला पाच हजारांच्या आसपास शुल्क लागते आणि ते हप्त्यानेही देता येते. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ मंचावर अभ्यास मोफत आहे. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच साधारण हजार रुपयांपर्यंत भरावे लागतात. खासगी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या किमतीवर १८ टक्के जीएसटी चढतो, हे जाहिरातीतल्या मोठ्या अक्षरांत नसते. चाळीस हजारांचा अभ्यासक्रम ४७,२०० ला पडतो. त्यांची ‘बिनव्याजी हप्त्यांची सोय’ म्हणजे बहुतेक वेळा कर्ज असते. अभ्यासक्रम आवडला नाही तरी हप्ते चालूच राहतात. कागदावर वित्तसंस्थेचे नाव दिसले की तुम्ही कर्जदार झालात, असे समजूनच सही करा.

पैसे कुठे बुडतात

‘गॅरंटी पास’, ‘परीक्षा न देता दहावी’, ‘मागील तारखेचे प्रमाणपत्र’ ही तीन वाक्ये जिथे ऐकाल तिथे पैसे बुडतात. नंतर पडताळणीत नोकरीही जाते. खोट्या प्रमाणपत्रावर लागलेली नोकरी दहा वर्षांनीही काढून घेतली जाते, आणि तेव्हा दलालाचा फोन बंद असतो.

कौशल्याच्या प्रमाणपत्रावर राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेची मान्यता, अर्हता पातळी आणि क्यूआर कोड आहे का ते प्रवेशाआधीच विचारा. जुन्या विद्यार्थ्याचे प्रमाणपत्र पाहायला मागा आणि मोबाइलने कोड तपासा. दाखवायला कुरकुर झाली तर उत्तर मिळालेच.

पैसे भरताना एवढे करा: रोख देऊ नका, किंवा दिलेत तर संस्थेच्या नावाची पावती घ्या. सगळी फी एकरकमी भरू नका. परतफेडीचा नियम लेखी मागा. नोकरीची हमी दिली असेल तर ती पगाराच्या आकड्यासह कागदावर मागा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. त्यांनुसार निकालाची आणि नोकरीची खोटी हमी देता येत नाही.

फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. पावती, जाहिरातीचे चित्र आणि व्हॉट्सअॅपवरचे संभाषण एवढा पुरावा पुरतो. लाजेने गप्प बसू नका. ‘या वयात शिकायला गेले आणि फसले’ ही लाज दलालाच्या फायद्याची आहे.

शेवटचा हिशेब आणि एक मागणी

साक्षरता मोफत. महिलांना दहावी शुल्कात तीन हजारांच्या आत आणि सगळे धरून सात हजारांच्या आत; पुरुषांना थोडी जास्त. कौशल्य प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी मोफत. मुक्त विद्यापीठाची पदवी वर्षाला काही हजारांत. यापेक्षा कितीतरी जास्त कुणी सांगत असेल तर तो तुमच्याकडून शिक्षणाचे नव्हे, तुमच्या घाईचे पैसे घेतो आहे.

पण धोरणातली उणीवही स्पष्ट सांगायला हवी. सरकारने शुल्क उतरवले, वेळेची किंमत मात्र शिकणाऱ्यावर सोडली. सिंगापूरने २०२४ मध्ये चाळिशी ओलांडलेल्या नागरिकांना प्रशिक्षणासाठी चार हजार सिंगापूर डॉलरचे जादा श्रेय दिले आणि पुढे पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी भत्ताही सुरू केला. आपल्याकडे पीएम विश्वकर्मासारख्या मोजक्या योजनांत रोजचे विद्यावेतन आहे. तेच तत्त्व दहावी देणाऱ्या मजुराला लावायला काय हरकत आहे? परीक्षेच्या पाच दिवसांची रोजगार हमीच्या दराने भरपाई दिली तर माणशी १,५६० रुपये लागतात. तुमच्या आमदारांना, ग्रामसभेत, महापालिकेच्या प्रभाग सभेत ही मागणी जरूर करा.

तोवर या आठवड्यात दोन कामे करा. स्वतःला शिकायचे असेल तर शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज टाका, कारण त्यालाच सर्वांत जास्त दिवस लागतात. आणि तुमचे शिकून झाले असेल तर जवळच्या शाळेत जाऊन ‘उल्लास’चे स्वयंसेवक म्हणून नाव द्या. तुमचा रोजचा एक तास कुणाची तरी पूर्ण फी वाचवेल.